बाबाले सांगू नको

कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं टेलिफोन सांभाळून गोपिका भोयर निवृत्त झाल्या आणि त्यांना घर खायला उठलं. तेव्हापासून त्या नागपुरातल्या एका गटाबरोबर गावोगाव फिरतात. लढाईवर गेलेल्यांची घरं शोधायची, घरच्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, जुनी पत्रं जपून ठेवायची, असं ते काम. यादीतली माणसं म्हातारी. मागच्या वर्षी दोन घरी त्या पोचल्या त्या तेराव्यालाच. मग त्यांना स्वस्थ बसवेना. चहा अर्धा टाकून बस गाठायच्या.

भिवापूरच्या कांताबाई त्याच यादीतल्या. नवरा रुपराव एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे जन्मभर त्यांनी मिरचीचे देठ खुडून पोट भरलं. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी पाच पत्रं काढून दिली. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. सासरे नत्थूजी वाचून दाखवायचे, आणि दर वेळी मजकूर तोच निघायचा : मी खुशाल आहे, काळजी करू नये.

शेवटचं पत्र वाचताना गोपिकाताई थबकल्या. घडी घातली, पुन्हा उघडलं, पाणी मागितलं. इतक्या वर्षांनी हे सांगावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"काय लिवलं हाय? वाच ना वं," कांताबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. "झोप येत नाही. मले लय भेव लागते. बाबाले सांगू नको, तुलेच सांगून राहिलो."

शेजारची मुलगी पत्र वाचून दाखवत असेल, अशी रुपरावांची समजूत होती. ती तर तोवर लग्न होऊन सासरी गेली होती, आणि हे पत्रही सासऱ्यांनीच वाचलं होतं.

कांताबाई म्हणाल्या, ते पत्र आलं त्या दिवशी सासरे न जेवता शेतावर निघून गेले होते. पोट दुखते म्हणाले होते. कांताबाईंनी ती ओळ आणखी दोनदा वाचायला लावली.

गटाचे प्रमुख मनोहरराव स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. गट जुन्या पत्रांचं प्रदर्शन भरवणार होता; त्यात हे पत्र लावू, पण ती ओळ झाकू, असं त्यांचं म्हणणं पडलं. शहिदाला कोणी हसू नये. गोपिकाताई भांडल्या आणि घरी येऊन येरझारा घालत राहिल्या. झाकणारे आपण कोण, आणि दाखवणारे तरी आपण कोण? सकाळी पहिल्याच बसनं त्या भिवापूरला गेल्या.

कांताबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "झाकू नका. इतके वर्सं मले वाटे, भेव मले एकटीलेच लागत होतं."

गोपिकाताईंनी हे मनोहररावांना रेकॉर्डिंगमधून ऐकवलं. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच ते पत्र आहे तसं चौकटीत बसवलं.

प्रदर्शनाला कांताबाई शेजारणीबरोबर आल्या. 'भेव' हा शब्द कुठं आहे, ते त्यांनी विचारलं. गोपिकाताईंनी काचेवर बोट ठेवून दाखवलं. सावनेरला यादीतली एक नव्वदीची बाई वाट पाहत होती, बसची वेळ झाली होती. कांताबाईंनी मात्र गोपिकाताईंचा हात धरला होता, आणि बराच वेळ सोडला नाही.