न धुतलेली साडी

आमची लेक आता पहिलीत आहे आणि शाळेत जाताना रोज माझ्याशी भांडते. वेणी घट्टच घातली, डब्यात पुन्हा पोळीच दिली, असली भांडणं. नवरा म्हणतो, अगदी तुझ्यावर गेली. ते ऐकून मला फार बरं वाटतं, आणि मग अकोल्याचे ते दिवस आठवत राहतात.

आम्ही अमरावतीचे. मूल दत्तक घ्यायचं ठरल्यावर सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवलं. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं, सगळं जमवलं. समाजसेविका घर बघायला येणार म्हणून मी माळासुद्धा झाडून ठेवला होता. तिनं विचारलं काय, तर राग आला की मी काय करते. भांडी आपटते, मी सांगून टाकलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. तरी अहवाल चांगला गेला. मग तीन वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. शेवटी एके दिवशी मोबाइलवर एका मुलीचा फोटो आणि तपासणीचे कागद आले. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं होतं; आम्ही दहा मिनिटांत हो म्हणून मोकळे झालो.

मुलगी अकोल्याच्या एका संस्थेत होती, सव्वा वर्षाची. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ती तिथं सांभाळणाऱ्या मावशींच्या कडेवर बसलेली. मावशी पन्नाशीच्या, काटक, बोलायला फटकळ. मी हात पुढे केले, तर पोरीनं त्यांचा पदर मुठीत आवळला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मला मावशींचा रागच आला. त्यांचा काही दोष नव्हता, पण जिच्यासाठी तीन वर्षं थांबले ती दुसरीला चिकटलेली मला बघवेना.

घरी नेण्याआधी तिला तुमची सवय व्हायला हवी, असं संस्थेनं सांगितलं. फोटो द्या, आवाज रेकॉर्ड करून द्या आणि एक साडी पाठवा, म्हणजे अंगाचा वास ओळखीचा होईल. मी कपाटातली मऊ सुती साडी काढली, स्वच्छ धुतली, इस्त्रीवाल्याकडून करकरीत करून आणली आणि नवऱ्याच्या हाती धाडली. दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन आला.

“बाई, धुतलेली काहून पाठवली? पोरीले साबणाची सवय लावू का? दोन-तीन दिस नेसा, सैपाक करा, घाम येऊ द्या, अन् मंग पाठवा.”

मळकं कापड कुणाच्या दारी पाठवू नये, एवढंच मला आईनं शिकवलं होतं. पण करते काय. मे महिना, अमरावतीचं ऊन, आणि मी दुसरी साडी नेसून तीन दिवस तिच्यातच पोळ्या लाटल्या, कांदे चिरले, ठेचा वाटला. नवऱ्यानं कूलर स्वतःकडे वळवून घेतला आणि लांबूनच गप्पा मारल्या. साडी पिशवीत घालताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे कळलं की मावशी रोज दुपारी तीच साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून पोरीला थोपटत होत्या.

तिला घरी आणलं त्या दिवशी मावशी दिसल्याच नाहीत. मुद्दाम रजा घेतली होती म्हणे. हातात मिळालेले कागद तात्पुरते होते. दत्तकाचा आदेश निघेपर्यंत ती आमच्याकडे फक्त सांभाळायला होती. आणि तीही पाहुण्यासारखीच वागायची. जेवेना. दाराकडे बघत मावशींसाठी ‘माशी, माशी’ करायची. चौथ्या दिवशी मी मान खाली घालून मावशींना फोन लावला. तिथं सगळी लेकरं भिंतीला टेकून ओळीनं जेवतात, त्या म्हणाल्या, तुम्ही समोर बसून भरवू नका, बाजूला बसा. मग आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून रांगेत बसलो आणि वरणभात खाल्ला. पोरीनं वाटी चाटून पुसून ठेवली. मला आनंद झाला आणि तितकाच जळफळाटही.

दोन महिन्यांनी अकोल्याला जिल्हाधिकारी कार्यालयात बोलावणं आलं. साहेबांनी कागद चाळले, चार प्रश्न विचारले. लेक तोवर फायलीची नाडी चोखत होती. आदेश निघाला, जन्मदाखल्यावर आमची नावं लागली. कायद्यानं मी आई झाले. घरी येऊन ती झोपली आणि झोपेत पुन्हा ‘माशी’ म्हणाली. मी न्हाणीत जाऊन रडले. हिला त्या बाईचा विसर पडू दे, एवढंच मागत होते.

दोन वर्षं दर सहा महिन्यांनी अहवाल जायचा. शेवटच्या अहवालाला आम्ही लेकीला घेऊन स्वतःच अकोल्याला गेलो. मावशी ओसरीवर दुपटी घड्या करत बसल्या होत्या. लेकीनं त्यांना पाहुण्यांना करतात तसा शहाण्यासारखा नमस्कार केला आणि अंगणात झोक्याकडे पळाली.

मला कसंनुसं झालं. लहान होती हो, असं काहीतरी पुटपुटायला लागले. त्यांनी थांबवलं.

“मले इसरली म्हणजे तुमच्या घरी रुळली. इथून गेलेलं लेकरू मले ओळखत नाही, तवा माह्या जिवाले बरं वाटते.”

हे बोलताना त्या झोक्याकडे बघत होत्या आणि हातातलं दुपटं तसंच अर्धवट घडी होऊन राहिलं होतं. जे मागत होते ते मिळालं होतं, आणि मला माझीच लाज वाटली. मी लेकीला हाक मारून बोलावलं.

“कोण आहेत ह्या?” तिनं विचारलं.

“नीट बघ,” मी म्हटलं. “तू आधी ह्यांची होतीस.”