पाय टेकला की बाद

जिने अर्ध्या उपनगराला गाडी शिकवली, तिचं खरं नाव कोण विचारतंय? सगळे तिला क्लचमावशी म्हणत. शिकाऊ माणूस गडबडला की तिची एकच तोफ सुटायची, "क्लच, अरे क्लच!" सव्वीस वर्षांत तिच्या पांढऱ्या गाडीत डॉक्टर शिकले, दुकानदार शिकले, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सासू-सुनासुद्धा शिकल्या. आवाज असा खणखणीत, पण मन लोण्यासारखं.

त्या वर्षी मात्र तिच्याही नाकी नऊ आले. कालव्याच्या अलीकडची आणि पलीकडची पोरं, अशा दोन टोळ्या झाल्या होत्या. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच बुडाखाली मोटरसायकल. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर शर्यत लागायची, शर्यतीतून शिव्या आणि शिव्यांतून दगड. असाच एक दगड मावशीच्या गाडीच्या काचेवर बसला. गाडी शिकायला आलेली बँकेतली बाई खाली उतरली, ती पुन्हा बसलीच नाही.

मावशी तडक पोलीस ठाण्यात गेली. आवारात जप्त केलेल्या बावीस मोटरसायकली उभ्या होत्या. इन्स्पेक्टरबाई तरुण होत्या, पण कपाळावरच्या आठ्या पन्नाशीच्या.

"तक्रार लिहून घेते, मावशी. पण खरं सांगू? पोरं आत टाकली की आणखी पक्की होऊन बाहेर येतात. गाड्या सोडल्या की पुन्हा शर्यत, नाही सोडल्या की दुसऱ्याच्या उचलतात. करू काय?"

मावशी एकेका गाडीपाशी वाकून बघत होती. ब्रेक झिजलेले, क्लचची वायर तुटायला आलेली.

"यांच्यातल्या एकालाही गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली. "नुसती पळवता येते."

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात पोलिसांनी लोकांची सभा बोलावली. कुणाला कॅमेरे हवे होते, कुणाला भिंत, एका निवृत्त मास्तरांना नुसता दंडुका. मावशी उठली. "मी गाडी शिकवते त्या मैदानावर या गाड्या पाठवा. पाय न टेकता जो मांडलेल्या शंकूंमधून गाडीनं आठचा आकडा काढून दाखवील, त्यालाच गाडी परत. आणि शिकायचं जोडीनं. एक अलीकडचा, एक पलीकडचा."

सभागृह खो खो हसलं. लेकीनं तिचा हात ओढला, "आई, खाली बस ना गं!" इन्स्पेक्टरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "नियमात कसं बसवायचं ते मी बघते," त्या म्हणाल्या.

पोरं आली ती गाड्यांच्या ओढीनं. पहिल्याच दिवशी दोघांनी शंकूंना लाथा घातल्या, मावशीनं दोघांना घरी पिटाळलं. अलीकडच्यांचा म्होरक्या टाचणी, नावासारखाच काटकुळा. पलीकडच्यांचा धोंड्या, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा. या दोघांचीच तिनं जोडी लावली! तीन दिवस दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी टाचणी लागोपाठ पाचव्यांदा आडवा झाला आणि धोंड्याला राहवलं नाही.

"अरे गाढवा, चाकाकडे काय बघतोस? जायचंय तिकडे बघ!"

शब्द मावशीचेच होते. तिनं तोंड फिरवून हसू गिळलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच बातमी आली, पलीकडचे सळया घेऊन येणार. इन्स्पेक्टरबाईंचा चेहरा उतरला. "रद्द करू या?"

"आणि पोरं आली तर? त्यांना काय सांगू, तुम्हाला घाबरलो?"

पोरं आली! बावीसच्या बावीस, हात रिकामे, आणि मागून आया, बाप, बहिणी, अख्खी गल्ली. चौदा जणांनी आठ काढला. दर वेळी मैदान दणाणत होतं. मग मावशीनं जाहीर केलं, "आता शर्यत! वीस पावलांचा पट्टा. जो शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद!"

टाचणी आणि धोंड्या शेजारी शेजारी उभे राहिले. शिट्टी वाजली. आयुष्यभर वाऱ्याशी झोंबलेली पोरं मुंगीच्या पावलांनी निघाली. हँडल थरथरतंय, कपाळावरून घाम ओघळतोय, इंजिन बंद पडतंय की काय! धोंड्याची गाडी कलली, सगळ्यांनी श्वास रोखला, त्यानं सावरली. इतक्यात टाचणीचा पाय जमिनीपासून बोटभर अंतरावर आला. "उचल, उचल!" ओरडलं कोण? तर पलीकडची पोरं! मावशी कधी बाकावर चढली तिचं तिलाच कळलं नाही. "क्लच! अरे दोघंही, क्लच!" धोंड्याचं चाक रेषेला लागलं. टाचणी अजून वीतभर मागेच होता. जिंकला!

धोंड्यानंच त्याला गाडीवरून उचलून खांद्यावर घेतलं.

मग इन्स्पेक्टरबाईंनाही चेव आला. टोपी हवालदाराकडे दिली, गाडीवर बसल्या आणि तिसऱ्याच पावलाला त्यांचा पाय टेकला. "बाद! बाद!" दोन्ही टोळ्या एका सुरात ओरडल्या, आणि त्या स्वतः हसून हसून हँडलवर वाकल्या.

सगळं काही एका दिवसात गोड झालं नाही. तिघं पुन्हा मैदानाकडे फिरकले नाहीत, एकजण गाडी मिळताच शर्यतीत पाय मोडून बसला. पण मोठ्या रस्त्यावरचे दगड थांबले. आणि आठवडा संपायच्या आत शेजारच्या ठाण्यातून मावशीला फोन आला, "आमच्याकडे एकतीस गाड्या पडून आहेत. जमेल का?"

मावशीचा घसा अजून बसलेलाच होता. तरी ती ओरडलीच, "आजच पाठवा!"