आत्याच्या वळणावर

निपाणीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या सुविधाची पाळी चार-चार महिने येत नसे. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दर रविवारी चिमट्यानं उपटायची. शेवटी वडिलांना, भीमाप्पांना, सोबत घेऊन ती बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं बाईंनी विचारलं. भीमाप्पा लगेच नाही म्हणाले. पण घरात सुविधाची आत्या होती, भीमाप्पांची थोरली बहीण तानीबाई. तिच्याही हनुवटीवर केस होते. चार वर्षं मूल झालं नाही म्हणून संकेश्वरच्या सासरच्यांनी तिला परत पाठवलं होतं. पुढं तीस वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काम केलं.

रिपोर्ट बघून बाईंनी समजावलं. पुरुषी संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. सुविधाच्या मेंदूखालची ग्रंथी अंडाशयाला जादा हुकूम सोडत होती, त्यात रक्तातलं इन्सुलिन वाढलेलं. त्यामुळं अंडाशय ते संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवत होतं. गाठबिठ काही नव्हती. पण ही प्रवृत्ती घराण्यात उतरते, बापाकडूनही.

तेव्हा सुविधानं आत्याचं सांगितलं.

घरी तानीबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तवा हुतं व्हय ह्याला औषध?"

"थोडंफार होतं, आत्या. कुणी नेलं असतं तर."

भीमाप्पा दारातच उभे होते. "आक्का, डॉक्टरनीनं इचारलं तवा मी न्हाय म्हणालो. लाज वाटली मला."

"माझी?"

"व्हय."

तानीबाई दोन दिवस भावाशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात सुविधानं आत्याचं रक्त तपासलं. साखर, म्हणजे मधुमेह, निघाला. असा त्रास असलेल्या बायकांना तो पुढं होऊ शकतो, हे बाईंनी सांगितलंच होतं. या खेपेला भीमाप्पा बहिणीला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि काही न लपवता बोलले.

गोळ्या आणि रोजच्या चालण्यानं वर्षभरात सुविधाची पाळी बरीच सुधारली. केस मात्र थोडेच कमी झाले. सदलग्याच्या दीपंकरचं स्थळ आलं, तेव्हा तिच्या संमतीनं तानीबाईनंच पाहुण्यांसमोर बसून सगळं सांगितलं. दीपंकरनं गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील एवढंच विचारलं. त्याची आई विचार करून कळवते म्हणाली. तीन आठवड्यांनी होकार आला.