सुभेदारांच्या सात जोड्या

सुभेदारांना माणसं आवडत नसत आणि ही गोष्ट लपवण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. पहिल्या दिवशी मी दुबईतल्या रास अल खोरच्या त्या गोदामात शिरले, नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. माझ्या हातांकडे बघून विचारलं, "बाई, स्वयंपाक येतो का?"

"येतो."

"मग इथे कशाला मरायला आलात?"

मी आले होते पोटासाठी. २००८च्या अखेरीस दुबईतले अर्धे मनोरे जिथल्या तिथे थांबले आणि त्यांचे नकाशे काढणारे आम्ही रस्त्यावर आलो. नवऱ्याची नोकरी माझ्याही आधी गेली होती. तो पुण्याला परतून अर्जांवर अर्ज करत बसला होता. मुलगी दहावीच्या वर्गात जाणार होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिची परीक्षा होईपर्यंत शारजातलं भाड्याचं घर आणि माझा व्हिसा टिकवायचा, एवढंच आमचं ठरलं होतं. अशा वेळी ओळखीतून कळलं की एका अरबाबाला, म्हणजे स्थानिक मालकाला, जुन्या बंदुकांचा सचित्र कॅटलॉग करायला माणूस हवा आहे. जगभरच्या फौजांनी मोडीत काढलेल्या दोनशेवर रायफली त्याने रीतसर परवान्याने जमवल्या होत्या. मी आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे गेले नव्हते. पण फोटो काढता येत होते, रेघ सरळ ओढता येत होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खरं आहे.

सुभेदार त्या संग्रहाचे राखणदार. महाडपलीकडच्या एका गावातले कोकणी मुसलमान. भारतीय फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. निवृत्तीनंतर आखातात आले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले. पंचकोनी चेहरा, मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. बायको वारली होती. मुलांनी गावात त्यांच्याच पैशांनी दुमजली घर बांधलं होतं आणि त्यात त्यांना जिन्याखालची खोली ठेवली होती. "मेल्यावर कबर तरी त्याहून मोठी मिळेल," ते म्हणायचे. गावी परत जाणं ही त्यांच्या लेखी शिक्षा होती आणि ते ती वर्षानुवर्षं पुढे ढकलत होते.

गोदामात त्यांचा एक कायदा होता: एक टेबल, एक रायफल, एक बोल्ट. बोल्ट म्हणजे मागे ओढून पुढे सारायचा तो दांड्याचा भाग. परवान्याच्या अटीप्रमाणे रायफली एका खोलीत आणि बोल्ट दुसऱ्या खोलीतल्या तिजोरीत असत. दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो, आणि ज्याचा बोल्ट त्यालाच बसवायचा. "लग्न एकदाच होतं यांचं," सुभेदार बजावायचे. "दुसरीचा बोल्ट घातलात तर गोळी सुटेल, पण कुणाच्या थोबाडावर सुटेल ते अल्लाला ठाऊक." शिवाय जोडी फुटलेल्या रायफलीला संग्राहक हात लावत नाहीत. म्हणून टेबलावर दुसरी रायफल येण्याआधी पहिली आत गेलीच पाहिजे. मी एकदा वेळ वाचवायला दोन काढल्या, तर त्यांनी माझा कॅमेरा उचलला आणि थेट बाहेर उन्हात नेऊन ठेवला. "आता दोन्ही तापू देत," म्हणाले, "तुमचं डोकं आणि तो."

पण त्यांनी मला बघायला शिकवलं, हे कबूल केलंच पाहिजे. दोन थ्री-नॉट-थ्री शेजारी ठेवून फरक विचारायचे (तेवढ्यापुरता कायदा ते स्वतःच मोडत). मला दोन्ही सारख्याच दिसायच्या. मग तोंडाचा पट्टा सुरू. "ही विलायती, ही आपल्या इशापूरच्या कारखान्यातली. हिच्या पुढच्या लाकडात हा आडवा स्क्रू दिसतो का? आपल्या लाकडाचा भरवसा नव्हता, म्हणून मारलाय. तुमच्यासारखी आहे, वरून बरी, आतून स्क्रूवर टिकलेली." मी हसले, तर म्हणाले, "हसू नका, तुमचे दात या दस्त्याच्या रंगाचे झालेत, चहा कमी करा." घरी हे सांगितलं की मुलगी म्हणायची, "ममा, दॅट रूड अंकल अगेन? व्हाय डोन्ट यू जस्ट क्विट?" तिला काय सांगणार, की तुझ्या दहावीसाठी मी रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून हे ऐकायला जाते.

त्यांच्या जिभेपुढे मालकाचीही गय नव्हती. अरबाबाच्या मोठ्या भावाने एकदा मखमलीत गुंडाळलेली रायफल आणली. आजोबांनी इंग्रजांच्या शिपायाकडून हिसकावलेली, असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. सुभेदारांनी ती दोन मिनिटं हाताळली आणि हिंदीत म्हणाले, "सेठ, ये सरहद के पठान ने घर में बनाया. देखो, अंग्रेज़ी एन का अक्षर उलटा मारा है. आपके दादा ने बाजार से लिया होगा." त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उतरला. अरबाब मात्र खो खो हसला. पैसा वाहत होता तेव्हाची ही गोष्ट, माझ्या येण्याआधीची. पण सुभेदार ती मला इतक्या चवीने आणि इतक्यांदा सांगत की तो उतरलेला चेहरा मी प्रत्यक्ष पाहिल्यासारखा आठवतो. तो भाऊ पुन्हा कधी गोदामात आला नाही. "खोटं सामान जपून ठेवण्यापेक्षा रिकामी भिंत बरी," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

ते नंबर अंगठ्याच्या नखाने वाचत. बोल्टच्या दांड्याला आकडे असतात त्या जागी नख हळूच फिरवायचं, ओठ हलवायचे आणि थेट कपाटाकडे चालू लागायचं. मला आधी ही उस्तादी वाटली. दोनेक महिन्यांनी कळलं की डोळे गेले होते. काचबिंदू. कडेने काहीच दिसत नव्हतं आणि मधलंही विझत चाललं होतं. चहा कपाबाहेर ओतला जायचा. सकाळचा पेपर ते मला मोठ्याने वाचायला लावायचे, कारण काय, तर "तुमचं इंग्रजी पुणेरी आहे, सुधारा." मी वाचायचे. मी कुणाला काही बोलले नाही आणि त्यांनीही मी ओळखलंय हे कधी मान्य केलं नाही. साठी ओलांडलेला, डोळे गेलेला माणूस तिथे कोण ठेवणार? मला त्यांची कीव येत नव्हती, कीव करावी असा तो माणूसच नव्हता. पण ते मला आवडत होते. शिव्या खाऊन आवडत होते, हे लिहायला आजही लाज वाटते.

मंदीने शेवटी अरबाबालाही गाठलं. ऑक्टोबरात त्याने आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं की सगळा संग्रह एका परदेशी गिऱ्हाइकाला द्यायचा आहे, गिऱ्हाइकाचा पारखी पुढच्या आठवड्यात येईल, आणि व्यवहार संपेपर्यंत दोघांपैकी एकच माणूस ठेवता येईल. कोण, ते पारखी येऊन गेल्यावर ठरवू. एवढं बोलून तो फोनवर गेला. आम्ही दोघं बाहेर आलो. मला मार्च हवा होता. त्यांना जिन्याखालची खोली नको होती.

पारखी यायच्या आदल्या दिवशी अरबाबाला सगळ्या रायफलींचा एकत्र व्हिडिओ हवा झाला. "यल्ला, सब बाहर निकालो! बोल्ट लगाके!" सुभेदारांनी नाही म्हणून बघितलं, पण त्या दिवसांत नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दोनशे रायफली जमिनीवर सतरंज्यांवर ओळीने मांडल्या, दोनशे बोल्ट ट्रेमध्ये. मी म्हटलं, मी नंबर वाचते, तुम्ही बसवा. त्यांनी ट्रे माझ्या हातातून ओढून घेतला. "बाई, तुमचा नवरा वर्षभर नोकरी शोधतोय. त्याला नोकरी मिळत नाही, की तुम्ही घरी नसता म्हणून तो खुशीत आहे? आधी ते बघा. बंदुका मी बघतो."

मी बाजूला झाले. ते गुडघ्यावर सरकत एकेक बोल्ट बसवत गेले, नखाने वाचून. घासून गुळगुळीत झालेल्या आकड्यांत तीन आणि आठ नखाला सारखेच लागतात. माझ्या समोर त्यांनी एक चुकीचा बसवला. मला तो स्पष्ट दिसला. मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, घ्या, बघा तुमच्या बंदुका.

पारखी हा एक उंच, मवाळ, म्हातारा इंग्रज होता. छोटी बॅटरी आणि भिंग घेऊन त्याने दिवसभर एकेक रायफल तपासली आणि संध्याकाळी अरबाबाला सांगितलं की सात रायफलींच्या जोड्या जुळत नाहीत, सातांत दोन सगळ्यात दुर्मिळ आहेत, आणि आकडे इतके झिजलेत की कुठला बोल्ट कुणाचा ते भिंगानेही लावता येत नाही. अरबाबाचा आवाज चढला. "ये किसने किया?"

सुभेदार क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "मॅडम ने."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मार्च माझ्या डोळ्यांसमोरून गेला, मुलीचं हॉल तिकीट गेलं. आणि त्या वेळी मी जे केलं ते रागाच्या भरात केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी अगदी शांत होते. सुट्या भागांच्या खोक्यात काही न वापरलेले बोल्ट होते. कधीच कुठल्या रायफलीला न बसवलेले, म्हणून त्यांच्यावर नंबरच नव्हता. त्यातला एक उचलला, त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "साहब, इसका नंबर पढ़के बताइए."

चार माणसांसमोर नखाने वाचणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी तो बोल्ट ट्यूबलाइटखाली धरला, डोळसासारखा तिरका केला, भुवया आवळल्या आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "छह तीन आठ एक."

इंग्रजाने त्यांच्या हातातून बोल्ट अलगद घेतला, भिंगाखाली धरला आणि तितक्याच अलगद टेबलावर ठेवला. तो अलगदपणा बघून सुभेदारांना कळलं. त्यांनी हात पुढे करून बोल्ट चाचपला, अंगठा दांड्यावरून फिरवला. एकदा, आणि मग परत एकदा.

"खलास," अरबाब म्हणाला.

सुभेदारांचा व्हिसा रद्द व्हायला आठवडा लागणार होता. तिसऱ्या दिवशी सुभेदार किल्ल्या द्यायला आले. इस्त्रीचा शर्ट तसाच. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कागद घ्या." मी घेतला. मग त्यांनी माझ्याकडे तोंड न करता सातही रायफली सांगितल्या. कुठल्या कपाटातली, कुठल्या सालची, कुणाचा बोल्ट कुणात गेला असणार, खरा कुठे सापडेल. शेवटच्या रायफलीपाशी थोडे थांबले, डोळे मिटले, आणि तिच्या दस्त्यावर कुणा शिपायाने चाकूने कोरलेली अक्षरंसुद्धा सांगितली. उठताना म्हणाले, "तुमचं डोकं फौजी आहे, बाई. हे मी वाईट अर्थानं सांगतोय."

मी माफी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाही.

ते गेल्यावर मी यादी हातात घेऊन झिजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. सातच्या सात बरोबर. दोनशे रायफली त्या माणसाच्या डोक्यात जशाच्या तशा उभ्या होत्या. फक्त वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं, आणि मी आठ महिने त्याच टेबलापाशी बसले होते. अरबाबाला हे सांगितलं असतं तर कदाचित त्याने त्यांना ठेवलं असतं. दोघांना ठेवलं नसतं. व्हिसा रद्द व्हायला अजून चार दिवस होते, सुभेदार शारजातल्या खोलीवर बॅग भरत होते, माझ्याकडे त्यांचा नंबर होता. मी सातही बोल्ट जागच्या जागी बसवले आणि अरबाबाला फोन केला.

तो आला, पारख्यालाही घेऊन आला. सगळं जुळलेलं बघून त्याने विचारलं, "ये किसने निकाला?"

मी म्हटलं, "मैंने, सर."

व्यवहार एप्रिलमध्ये पुरा झाला आणि माझीही नोकरी संपली. तोवर मुलीची परीक्षा झाली होती, पुढे निकालही चांगला लागला. आम्ही पुण्याला परतलो.

त्या वर्षी ईदेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नातवाने लावून दिला असावा. मी ईद मुबारक म्हटलं, ते त्यांनी ऐकलंच नाही. "त्या सात जोड्या बसल्या का?"

"बसल्या. सगळ्या बरोबर होत्या."

"ते मला माहीत आहे. अरबाबाला सांगितलंत ना, कुणी सांगितल्या ते?"

मागे घरात कुणाचं तरी भांडण चाललं होतं, भांडी आपटत होती. मी म्हटलं, "सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, असा माणूस परत मिळणार नाही."

ते म्हणाले, "म्हणाला ना? चला. खोलीत पडल्या पडल्या तेवढं एकच डोक्यात होतं." मी इतके दिवस त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण इतका मऊ आवाज कधी ऐकला नव्हता. त्या आवाजात त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, नवऱ्याला नोकरी लागली का विचारलं, आणि मला दुवा दिली.