बोटीवरचे यजमान

पुण्याहून दादा-वहिनीबरोबर निघाले तेव्हा आई स्टेशनावर एवढंच म्हणाली, "तिथे तुला कोणी ओळखत नाही. माणसासारखी राहा." मी बावीस वर्षांची, नुकती विधवा झालेली. दादाची सरकारी बदली कलकत्त्याला. नागपूर मागे पडलं तसं वहिनीने करंडा काढून माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं. "आजपासून तुझे यजमान बोटीवर नोकरीला." मायेनेच केलं हो तिने. पण त्या क्षणापासून तीन वर्षं मी भीतच राहिले.

आम्ही बागबाजारात राहायचो. शेजारच्या बंगाली बाया प्रेमळ, पण भाषा येईना. मराठी घरं ओळखीची पाच, आणि तिथल्या हळदीकुंकवांवर वहिनी जगायची. मी मात्र पोस्टमन दिसला तरी दचकायची. पुण्याचं कोणी बदलून आलं तर?

तिसऱ्या चैत्रात त्या पाच घरांतल्या एका काकूंनी नव्या सुनेची ओटी भरायला घेतली. म्हणाल्या, "पहिली हिला भरू दे. नवरा पाण्यावर, तरी हिचं कुंकू कसं ठसठशीत!" बाया हसल्या. ताट माझ्या हातात आलं. समोर ती सून, कुसुम, अठराची, पदर पसरून बसलेली. तुम्ही आज हसाल, पण मला वाटलं, माझा हात लागून हिचं काही वाईट झालं तर? मी काही धीराची नव्हे. भीतीनेच बोलले.

"काकू, मी विधवा आहे."

काकूंनी ताट काढून घेतलं. "तीन वर्षं आमच्याकडून कुंकू लावून घेतलंस?" आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त भय वाटलं. ट्राममध्ये वहिनी माझ्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसली. पुढे कुठल्याच घरून बोलावणं आलं नाही; मला नाहीच, तिलाही नाही. तिची सगळी माणसं मी एका वाक्यात तोडली होती.

त्या दिवशी कपाळ धुऊन कोपऱ्यात बसले. आता परत पाठवणार, नक्की. वहिनीने पान मांडलं. "जेव. खरं बोलणाऱ्यांनाही भूक लागते." आणि समोर बसून आमटीभात कालवू लागली.

दादाची पुढे बदली झाली. मी शाळेत शिवण शिकवत इथेच राहिले, कोऱ्या कपाळाने, कुणाला भ्यायचं कारण न ठेवता. असं मला वाटायचं. वहिनी गेल्याचं पत्र आलं तेव्हा कळलं, भ्यायचं कारण होतं, ती जाण्याचं. माझं सगळं ठाऊक असून माझ्यावर चिडणारं माणूस, तेच माझं घर होतं. आता इथे मला कोणी काही विचारत नाही.