पायजम्याच्या दुसऱ्या पायातली फ्रेम

आधी फ्रेम कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

चार अॅल्युमिनियमच्या नळ्या. प्रत्येक नळी तीन तुकड्यांची आणि आतून इलॅस्टिकची दोरी, तंबूच्या काठ्यांना असते ना, अगदी तशी. नळी झटकली की खट्, खट्, तुकडे एकात एक बसतात आणि लांब काठी होते. चारही काठ्यांची वरची टोकं एका गोल चकतीत खोचायची, खालची टोकं गादीच्या चार कोपऱ्यांखाली सरकवायची. काठ्या वाकतात आणि पलंगावर घुमट तयार! त्याला मच्छरदाणी टांगायची, कडा गादीखाली खोचायच्या, झालं. घडी केली की सगळं मिळून छत्रीएवढं.

ही बाबांनी बनवली होती, लंडनला, आमच्या हॅरोच्या घराच्या गराजमध्ये, दोन वीकेंड घालवून. बाबा हाडांचे डॉक्टर. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये लोकांच्या पायात रॉड घालायचे आणि शनिवारी घरी येऊन परत रॉडच. आई म्हणायची, "अहो, कुणा पेशंटचं काढून आणलं नाहीत ना?"

फ्रेम दोन केल्या होत्या. एक आईला आणि मला, डबल बेडची. एक बाबांना, सिंगल. आईने बाबांच्या जुन्या पायजम्याचे दोन्ही पाय कापून त्यांना नाड्या लावल्या आणि एकेका पायात एकेक फ्रेम, तिच्या मच्छरदाणीसकट. मला ते प्रचंड फनी वाटलं होतं. मी दहा वर्षांची होते, मला तेव्हा सगळंच फनी वाटायचं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला पूर्ण नऊ दिवस वाटत होतं की मी माझ्या बाबांना मारलंय. हे मी आत्तापर्यंत बाबा सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून आता लिहितेय, पटापट, मधे थांबले तर परत नाही लिहिणार.

तर ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही इंडियाला निघालो. बाबांच्या मोठ्या भावाकडे, चंद्रपूरच्या बाजूला, जंगल सुरू होतं तिथे. बाबांच्या मोठ्या भावाला आम्ही 'मोठे बाबा' म्हणतो, तिकडे तसंच म्हणतात. तिथे मलेरिया भरपूर, म्हणून बाबांनी निघायच्या आधीपासून आईला आणि मला गोळ्या सुरू केल्या. रविवारी एक भयानक कडू आणि रोज सकाळी दुसऱ्या. मी कडू गोळी जॅममध्ये लपवून घ्यायचे तरी ओकारी यायची.

"तुमची कुठे?" मी बाबांना विचारलं.

"मला नको. मी वीस वर्षं त्या डासांना रक्त पाजलंय. ओळखतात ते मला."

आई म्हणाली, "अहो, घ्या ना तुम्हीपण."

"डॉक्टर कोण आहे घरात?"

संपलं. आई लायब्ररीत काम करायची, ती काय बोलणार.

एअरपोर्टवर बॅगांचं वजन जास्त झालं. आपल्या लोकांचं होतंच. सगळ्यांसारखं आम्हीपण काउंटरसमोर जमिनीवर बसून सूटकेस उघडली, मागे अख्खी रांग. आई पुटपुटत होती, "स्वेटर मोठ्या जाऊबाईंना कबूल केलेत. चॉकलेटं काढली तर पोरं काय म्हणतील? मिक्सर कसा काढू?" आणि मी बाजूला उभी, त्या सूटकेसवरून नजर न हलवता. कारण त्या सूटकेसच्या तळाशी, आईच्या साडीत गुंडाळून, मी माझे रोलर स्केट्स घातले होते. गुपचूप. चुलतभावंडांना दाखवायचे होते. तिकडे रस्ता कसला आहे हे मला कुठे माहीत होतं!

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मागे ती रांग, आईचा चेहरा, काउंटरवरची बाई घड्याळ बघतेय. मी तोंड बंद केलं.

बाबांनी बॅगेत हात घातला, इकडे तिकडे चाचपलं, आणि पायजम्याचा एक पाय बाहेर ओढला. त्यांची सिंगल फ्रेम. आम्हाला सोडायला आलेल्या काकांच्या हातात दिली. हे काका म्हणजे बाबांचे हॉस्पिटलमधले मित्र. "हे घरी ठेव रे. आल्यावर घेतो."

काका म्हणाले, "अरे, मग तू कशात झोपणार?"

"मला काय होतंय? मी तिथलाच आहे."

काटा खाली आला. मी श्वास सोडला. मला खूप बरं वाटलं तेव्हा, हेच सगळ्यात वाईट.

चंद्रपूरला पोचल्या पोचल्या बाबांची भाषाच बदलली. आईने आमची फ्रेम उघडली, खट् खट्, तर अख्खं घर बघायला गोळा. मोठे बाबा दारात उभं राहून पोट धरून हसायला लागले.

"काय बे डॉक्टर! आपल्याच गावच्या मच्छरायले भिऊन राहिला का तू?"

"हे बायको-पोरीसाठी आहे, दादा. मले काय होते!"

"हौ, नाहीतर मले वाटलं, साहेब झाला आमचा भाऊ."

सगळे हसले, बाबा सगळ्यात जोरात. मग आई आणि मी घुमटात, आणि बाबा बाहेर, मोठ्या बाबांच्या शेजारी खाटेवर, हातपाय उघडे टाकून. सकाळी त्यांच्या दंडावर लाल ठिपके असायचे. मी मोजायचे. एकदा अकरा होते. स्केट्स मी बाहेर काढलेच नाहीत, साडीसकट परत आणले.

परत आल्यावर शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि बाबांना ताप आला.

"फ्लू," बाबा म्हणाले. "वॉर्डात अर्धा स्टाफ आजारी आहे." खरंच होता तेव्हा फ्लू. पॅरासिटामॉल घेतली, घाम आला, ताप उतरला, बाबा उठून टोस्ट खायला लागले. दुसऱ्या दिवशी परत. आणि कसा! फ्लू म्हणून ते पाहुण्यांच्या खोलीत झोपले होते, तिथला सिंगल पलंग हलत होता. खरंच हलत होता, पलंगाचं डोकं भिंतीवर टक टक टक आपटत होतं आणि मला खाली किचनमध्ये ऐकू येत होतं. आईने दोन ड्युवे, म्हणजे इथल्या जाड रजया, टाकले, हॉट वॉटर बॉटल दिली, तरी टक टक टक.

आई म्हणाली, "अहो, तिकडचं काही नसेल ना?"

"अगं, फ्लू आहे. मला तिकडचं होत नाही."

मी जिन्यावर बसून ऐकत होते आणि मला मात्र माहीत होतं. कसं ते विचारू नका. अकरा ठिपके माहीत होते, स्केट्स माहीत होते. मी बाथरूममधला वजनाचा काटा काढला, त्यावर स्केट्स ठेवले, मग ती दुसरी फ्रेम ठेवली. काका ती परत देऊन गेले होते, हॉलमध्येच पडली होती. स्केट्स जड होते. फ्रेमपेक्षा बरेच जड. म्हणजे मी काउंटरवर तोंड उघडलं असतं तर फ्रेम आली असती. एवढं साधं गणित. मला तिथेच, बाथरूमच्या फरशीवर, थंड घाम आला. मग वाटलं, आता मलापण ताप आलाय. मग वाटलं, बरं झालं.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई हॉलमध्ये फोनवर, आवाज चढलेला. आमच्या डॉक्टरांची सर्जरी, म्हणजे इथे दवाखान्याला सर्जरीच म्हणतात, तिथली बाई घरी डॉक्टर पाठवायला तयार नव्हती. आईने फोनवर हात ठेवून मला म्हटलं, "वर जा, बाबांजवळ बस. त्यांना एकटं सोडू नकोस."

मी गेले. साडेतीन-चार वाजले असतील, पण जानेवारी, खिडकीबाहेर काळोख व्हायला लागलेला. बाबांचे डोळे अर्धे उघडे. मला बघून म्हणाले, "दादा, कंदील इकडे घे."

"बाबा, मी आहे."

"हौ, इकडे घे ना."

ते मला ओळखत नव्हते. माझे बाबा, ज्यांना माझ्या सगळ्या टीचरांची नावं पाठ होती. खाली पळावंसं वाटलं, पण आईने सांगितलं होतं, एकटं सोडू नकोस.

आणि मग मला एक गुणगुण ऐकू आली. बारीक. कानाजवळ.

आता मला माहितीये की तो गॅस हीटर होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. तो डास आमच्याबरोबर आलाय! आमच्या डबल फ्रेमच्या मच्छरदाणीच्या घडीत बसून, सूटकेसमधून, हॅरोला. आणि रोज बाबांना चावतोय, म्हणून ताप परत परत येतोय. मी हॉलमध्ये पळत गेले, आईच्या पायांजवळून पायजम्याचा दुसरा पाय उचलला, जी फ्रेम कधी इंडियाला गेलीच नाही ती, आणि वर आले.

एक नळी सुटून माझ्या हनुवटीवर बसली, अजून खूण आहे. चकती बाबांच्या छातीवर ठेवली, चारी काठ्या खोचल्या, गादीचे कोपरे उचलायला गेले तर बाबा इतके जड, इतके गरम. शेवटी घुमट झाला, वाकडा. मच्छरदाणी टांगली. कडा खोचल्या, बाबांनी शिकवलं होतं तशा, तळहात उलटा धरून. खोचून झालं आणि तेव्हा मनात आलं, डास आत राहिला असेल तर?

मी जाळीला नाक लावून आत बघत बसले. पांढऱ्या जाळीमागे बाबांचं तोंड नीट दिसत नव्हतं. छाती हलतेय का दिसेना. मी मोठ्याने मोजायला लागले, प्रत्येक श्वास. दर वेळी चुकून परत एकपासून मोजत होते; अशाच एका सदतीसला, आईने फोनवर भांडून बोलावलेला डॉक्टर आला.

आमचा नेहमीचा डॉक्टर सुट्टीवर होता, हा दुसराच, तरुण, कोट न काढताच वर आला. आईला म्हणत होता, फ्लूची खूप साथ आहे, तुमचे मिस्टर स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेलच. दारात थांबला.

"हे काय आहे?"

"मच्छरदाणी," मी म्हटलं.

"हॅरोमध्ये? जानेवारीत?"

आईला काही कळेना. ती मला म्हणाली, "अगं, काय हे! काढ आधी." आणि मी रडायला लागले, आणि रडता रडता सगळं इंग्लिशमध्ये बाहेर आलं. आम्ही इंडियाहून आत्ताच आलोय, तिथे बाबा जाळीच्या बाहेर झोपले, त्यांना एका दिवसात अकरा डास चावले, आणि आम्ही गोळ्या घेतल्या पण त्यांनी एकपण नाही घेतली.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग आईकडे. "एकपण नाही?"

आईने मान हलवली.

त्याने जाळी वर केली, बाबांचे डोळे टॉर्चने बघितले, पोट दाबलं, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत आमच्या फोनकडे गेला.

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा फ्रेम मीच काढली. घाईत एक काठी जिन्यावरून खाली घरंगळत गेली, खट् खट् खट्.

रक्ताच्या थेंबात मलेरिया सापडला, डोक्यात चढतो तो प्रकार. आई फोनवर कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "अजून एक दिवस गेला असता ना, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मी ते पाच दिवस रोज पुरं करत होते. शाळेत, बसमध्ये, डोक्यावर ड्युवे घेऊन. मला हॉस्पिटलमध्ये नेत नव्हते, म्हणजे बाबा गेलेत आणि सांगत नाहीत, असं माझं पक्कं झालं होतं.

पाचव्या दिवशी नेलं. बाबा बसले होते. पिवळे, गाल आत गेलेले, पण बसलेले. क्विनीनमुळे कानात सारखी घंटा वाजते म्हणून मोठ्याने बोलत होते. "काय म्हणतेस!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

आई चहा आणायला गेली आणि मी सांगून टाकलं. स्केट्स. साडी. काटा. मला मोठ्याने ओरडून सांगावं लागलं, कारण घंटा. समोरच्या बेडवरचे आजोबा बघत होते.

बाबांनी मला हाताने जवळ बोलावलं. मग म्हणाले, "माहीत होतं मला. बॅगेत हात घातला तेव्हा चाकं लागली होती."

"मग ते का नाही काढले?"

"ते काढले असते तर फ्रेम न्यावी लागली असती ना."

मला कळलं नाही.

"दादासमोर मी जाळीत झोपणार होतो का? त्याच्या शेजारी? मी काढायचं काहीतरी शोधतच होतो, बाळा. तुझ्या स्केट्सचा काय संबंध?"

मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट जास्त भीती वाटली, वेगळीच. माझी चूक असती तर मी परत केली नसती. पण माझे बाबा, डॉक्टर, भाऊ हसेल म्हणून मरता मरता राहिले होते. ते मी कसं थांबवणार होते?

तेव्हापासून बाबा इंडियाहून आले की मी महिनाभर ऐकत असते. शिंकले तरी. आता मी युनिव्हर्सिटीत आहे, तरी.

उद्या सकाळी ते निघालेत, एकटेच, मोठ्या बाबांच्या मुलीच्या लग्नाला. मी मुद्दाम वीकेंडला घरी आलेय. गोळ्या माझ्यासमोर घेतल्या त्यांनी, तोंड उघडून दाखवलंसुद्धा, जीभ वर करून. फ्रेम मी स्वतः सूटकेसच्या तळाशी ठेवलीये, पायजम्याचा तो दुसरा पाय, वर सगळे आहेर. बॅगेचं वजन मी दोनदा केलं, बरोबर आहे, काढायला काही कारणच नाही.

पण आत्ता खालून, हॉलमधून, सूटकेसची चेन उघडल्याचा आवाज आला. आणि मग एकदाच, खट्.

मी खाली जातेय.