बर्नडेटबायचा तांडेल

चौक गावच्या किनाऱ्यावर आता बोंबील वाळवायच्या वलांडी मोजक्याच उरल्या आहेत. पण दिवाळी सरून उत्तरेचा वारा सुटला, की बर्नडेटबायला अजून तेच दिवस आठवतात. उंच बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील आणि खाली सावलीत पसरलेला तिचा तांबडा कुत्रा. नवरा गेल्यावर ह्या वलांडीच्याच जोरावर तिनं एकुलत्या कॅल्विनला वाढवलं आणि इटलीतल्या हॉटेलात नोकरीला धाडलं. तो गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा हे पिल्लू आलं. सगळ्यांच्या पुढे छाती काढून चालायचं, म्हणून नाव पडलं तांडेल. होडीवर तांडेल म्हणजे कप्तान. घरात मात्र कप्तान बर्नडेटबायच होती.

कोळीवाड्यातलं कुत्रं मासळीला तोंड लावणारच, हे सगळ्या गावाला मान्य होतं. बर्नडेटबायला नव्हतं. वलांडीवरचं सोडाच, वाळूत पडलेल्या बोंबलालाही शिवायचं नाही, असं तिनं त्याला पिल्लू असतानाच शिकवलं. तिनं तळहातावर धरून "खा, पोरा" म्हटलं, तरच खायचं, मासळी असो की भाकर. मग कावळ्यामांजरांची काय टाप होती जवळ यायची! "माज्या तांडेलासारका इमानदार बाप्या दाखवा गावात," असं ती चारचौघांत म्हणायची आणि गावातले बाप्ये आपापल्या बायकांची नजर चुकवायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

दोन हजार सहाच्या नाताळात कॅल्विन चिमुरड्या लेकीला, लॉराला घेऊन सुट्टीवर आला. पोरगी सकाळपासून तांडेलाच्या गळ्यात. नेमका त्याच वेळी दशरथ आजारी पडला होता. हा बिहारचा पोऱ्या बर्नडेटबायच्या दिराच्या, जेरोमच्या, होडीवर खलाशी होता आणि रात्री हिच्या ओट्यावर झोपायचा. तांडेल त्याच्या पायाशी. गावाहून परतल्यापासून दशरथचा ताप हटेना, पोट फुगलं, अंग काळवंडलं. शेवटी जेरोमनं त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा कळलं, काळा आजार. वाळूमाशी म्हणून एक बारीक माशी असते, ती चावून होणारा.

हे ऐकून कॅल्विनचा चेहरा उतरला.

"आय, तिकडं इटलीत हा आजार कुत्र्यातूनच येते. माशी आदी कुत्र्याला चावते, मंग मानसाला. आमच्या शेफच्या कुत्र्याला झालेला. डोल्याभोवतीचे केस गेलेले त्याचे."

सगळ्यांनी तांडेलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्याभोवतीचे केस गेलेले होते.

"खरूज हाय ती," बर्नडेटबाय म्हणाली. "दर थंडीत होते त्याला."

"आनि लॉराला काय झाला तर?"

नात बर्नडेटबायच्या कडेवरच होती.

चौकमध्ये नकोसं कुत्रं कुणी मारत नाही. होडीत घालून खाडीपल्याड पाचूबंदरला सोडतात. पाण्यावर वास राहत नाही, म्हणून ते परत येत नाही, अशी समजूत. दुसऱ्या दिवशी जेरोमनं नुसती शीळ घातली आणि तांडेल आपणहून उडी मारून नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसला. बर्नडेटबाय किनाऱ्यावर गेलीच नाही. घरात लसूण सोलत बसली, ढीगभर. त्या दिवशी लसूण कशालाच लागणार नव्हता.

एवढं सगळं झालं, पण दशरथच्या डॉक्टरीणबाईंना विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. इटलीचं ज्ञान घरात असताना मुंबईला कोण विचारतो!

आठवड्यानं बर्नडेटबाय पेजेचा डबा घेऊन दशरथला भेटायला गेली, तेव्हा कुठे तिनं भीत भीत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा तिकडचं खरंच सांगतोय, मावशी. तिथं हा आजार कुत्र्यांच्या अंगात मुरलेला असतो. आपल्याकडे मात्र ही माशी तो माणसाकडून माणसाकडे नेते, असंच आजवर दिसलंय. दशरथला तो गावीच झाला. कुत्र्याचा काही दोष नाही."

"माई, हमारे गाँव में तो घर-घर में है ये बुखार," दशरथ खाटेवरून म्हणाला. "तांडेल कैसा है?"

डबा तिथंच विसरून बर्नडेटबाय निघाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जेरोमला होडी काढायला लावली.

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर तशाच वलांडी, तसाच वास. एका वलांडीखाली तांडेल बसला होता, बरगड्या वर आलेल्या, तोंड चौककडे. त्याच्यापुढे वाळूत बोंबील पडले होते.

"तुजा हाय क ह्यो?" वलांडीची मालकीण सरूबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय येडा कुत्रा गं बाय! बोंबील टाकलं, भाकर टाकली, तोंड लावत न्हाय. नुसता पानी पितो आन दिसभर माजं कावलं हाकलतो."

बर्नडेटबाय त्याच्यासमोर वाळूत बसली. मासळीच्या राशीत बसून तो उपाशी राहिला होता आणि हे तिनंच त्याला शिकवलं होतं. तिनं एक बोंबील उचलला, वाळू झटकली, तळहातावर धरला. "खा, पोरा," म्हणताना तिला रडू कोसळलं. तांडेलानं आधी हात हुंगला आणि मग खाल्लं.

तो घरी आला. करंजाच्या तेलानं खरूज बरी झाली, लॉरा पुन्हा त्याच्या गळ्यात पडली, कॅल्विन खाली मान घालून परत गेला. दशरथही बरा होऊन होडीवर आला. पण तांडेल पूर्वीचा राहिला नाही. वाळूत पडलेला बोंबील दिसला, की कुणाच्या हाताची वाट न बघता गट्ट करायचा. पुढे पुढे तर उभा राहून वलांडीवरचेही ओढू लागला.

"बर्नडेटबाय, बघ तुजा इमानदार!" बाया हसायच्या.

जिचा आवाज पार चर्चपर्यंत ऐकू जायचा, ती बर्नडेटबाय त्याला एका शब्दानं बोलली नाही. तो होता तोवर, सगळ्यांत खालच्या दोरीवरचे बोंबील ती काढायचीच नाही.